कॉस्ट इंडेक्स नक्की किती टाकायचा? ए३२० निओ आणि ७३७, पुणे-दिल्ली

अजिंक्यतारा_३२०, सातारा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय म्हणून विचारतो. सिममध्ये (कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये) ए३२० निओ उडवतो, जास्त करून पुणे-दिल्ली नाहीतर मुंबई-बेंगळुरू, कामावरून आल्यावर रात्री जेवण झालं की बसतो. सिमब्रीफवर (फ्लाइट प्लॅन काढायची वेबसाइट) प्लॅन काढला की त्यात कॉस्ट इंडेक्सचा आकडा येतो, म्हणजे वेळ वाचवायचा की इंधन हे विमानाला सांगणारा, तो मी जसाच्या तसा एमसीडीयूच्या (विमानाच्या कॉम्प्युटरचा कीपॅड-स्क्रीन) इनिट पानावर टाकतो आणि पुढं जातो. पण यूट्यूबवर बघावं तर कोण म्हणतं ७ टाका, कोण म्हणतं ३०, एकजण तर ८० टाकून उडत होता आणि त्याचं सगळं व्यवस्थित चाललेलं. मग मी मुद्दाम पुणे-दिल्ली एकदा १० वर आणि एकदा ६० वर करून बघितली तर पोचायला दोन-तीन मिनिटांचाच फरक. त्यात ७३७ घेतलं, तिथं ३० टाकलं तर ते ए३२० च्या ३० सारखं उडेना.

तर हा आकडा ठरवायचा कशावरून? वेगच पाहिजे असेल तर सरळ नॉब फिरवून वेग का लावू नये? आणि सिममध्ये इंधनाचे पैसे काय आपल्या खिशातनं जात नाहीत, मग याला अर्थ आहे का काही? मला विमान खऱ्यासारखं चालवायचंय एवढंच. जाणकारांनी जरा उलगडून सांगा.

मिरज_जंक्शन

भावा ए३२० ला २० टाक, ७३७ ला ३० टाक आणि उड. रोजच्या फ्लाइटला लय झालं.

कृष्णाकाठ, सांगली

मिरजवाल्यांचे आकडे चांगलेच आहेत, पण २० च का ते कळलं तर नवीन विमान घेतल्यावर परत विचारत बसावं लागणार नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

कॉस्ट इंडेक्स टाकताना आपण विमानाला एक भाव सांगत असतो. एक मिनिट वाचवायला किती किलो इंधन घालवायची तयारी आहे, तो भाव. एअरबसमध्ये हे सरळ किलो प्रति मिनिट असतं. तू ३० टाकलंस म्हणजे कॉम्प्युटरला सांगितलंस की वेग वाढवत जा, पण शेवटचं मिनिट वाचवायला ३० किलोपेक्षा जास्त इंधन लागायला लागलं की तिथं थांब. हे लक्षात ठेवायला सोपं जावं म्हणून सांगतो, ए३२० क्रूझमध्ये, म्हणजे वरती एका उंचीवर सरळ उडताना, मिनिटाला साधारण ४० किलोच्या आसपास इंधन पितं, त्याच्याशी ताडून बघ, मग ३० हा आकडा किती मोठा की छोटा ते आपोआप कळतं. शून्य टाकलंस तर मिनिटाची किंमत शून्य, कितीही वेळ लागू दे पण इंधन वाचव, मग ते जास्तीत जास्त पल्ला मिळेल त्या वेगानं जातं. ९९९ टाकलंस तर इंधनाकडं बघूच नको, लवकर पोचव, मग ते कमाल वेगाच्या जरा अलीकडं जाऊन थांबतं. ए३२० ची कमाल मर्यादा मॅक ०.८२, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ०.८२ पट आहे.

आता कंपनी हा भाव काढते कसा, ते बघ. मी मिरजेत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशोब बघतो त्यामुळं ही बाजू मला जवळची. वरती वेळेचा खर्च, खाली इंधनाचा भाव, भागाकार केला की आकडा. धर की विमान एक मिनिट जास्त उडालं तर कंपनीला इंधन सोडून २५०० रुपये जादा पडतात आणि इंधन १०० रुपये किलो पडतं, तर २५०० भागिले १०० म्हणजे २५. हे आकडे मी समजावण्यापुरते धरलेत, खरे प्रत्येक कंपनीचे वेगळे आणि त्या ते बाहेर सांगत नाहीत. पण यात एक गोम आहे जी बरेच जण चुकवतात. वेळेच्या खर्चात फक्त तोच खर्च धरायचा जो मिनिट वाढल्यावर खरोखर वाढतो. उड्डाणाच्या तासावर चालणारा इंजिनाचा आणि विमानाचा मेंटेनन्स, क्रूचा तासावर मिळणारा भत्ता, उशीर झाल्यावर पुढचं कनेक्शन चुकलेल्या प्रवाशांचा खर्च, हे सगळं धरायचं. विमानाचं महिन्याचं भाडं, विमा, ऑफिसचा पगार हे विमान दहा मिनिटं लवकर पोचलं म्हणून कमी होत नाही, त्यामुळं ते यात येत नाही. हे सगळं घुसडलं की आकडा उगाच फुगतो.

आपल्याकडचंच बघायचं तर तासगावातनं द्राक्षाची गाडी भरून वाशीला निघाली की ड्रायव्हर डिझेलचा विचार करत नाही, पहाटेच्या बाजारात माल उभा राहिला पाहिजे, आणि तीच गाडी रिकामी परत येताना तो साठच्या वर काटा जाऊ देत नाही. गाडी तीच, रस्ता तोच, मिनिटाचा भाव बदलला.

इंधन महाग झालं की खालचा आकडा वाढतो आणि कॉस्ट इंडेक्स खाली येतो, एवढं साधं आहे. म्हणून मोठ्या कंपन्या प्रत्येक मार्गाला वेगळा आकडा ठेवतात, कारण इंधन सगळीकडं एका भावानं मिळत नाही. आपल्या राज्यानं २०२३ च्या बजेटमध्ये मुंबई, पुणे आणि रायगडला विमान इंधनावरचा व्हॅट २५ टक्क्यांवरनं १८ केला, असल्या गोष्टीनं सुद्धा हिशोब हलतो. आणि आकडा ठरवायचं काम कंपनीच्या ऑफिसात होतं, पायलटला तो फ्लाइट प्लॅनवर छापून येतो. त्यामुळं तू सिमब्रीफचा आकडा जसाच्या तसा टाकतोस ते खऱ्यासारखंच आहे. फक्त सिममध्ये डिस्पॅचरही (ऑफिसात फ्लाइट प्लॅन काढणारा) तूच असतोस, म्हणून तो आकडा सिमब्रीफमध्ये टाकायच्या आधी ठरव की आज मी कुठली कंपनी आहे. दिवसभर एकच विमान फिरवणारी स्वस्त तिकिटाची कंपनी असेल तर १० ते २०, आणि दिल्लीत पन्नास जणांना पुढची परदेशी फ्लाइट गाठायचीय असं ठरवलंस तर ४०-५० पर्यंत जा.

विश्रामबाग_विंग्ज, सांगली

काकांनी पैशाची बाजू छान सांगितली, मी ७३७ चं आणि त्या दोन मिनिटांचं सांगते, कारण मला पण सुरुवातीला तेच पडलेलं आणि मेकॅनिकलला असल्यामुळं वही काढूनच बसले.

७३७ च्या ३० आणि ए३२० च्या ३० मध्ये एककाचा फरक आहे. एअरबस किलो प्रति मिनिट धरतं, बोइंग शंभर पौंड प्रति तास. एक किलो प्रति मिनिट म्हणजे तासाला ६० किलो, म्हणजे साधारण १३२ पौंड, म्हणजे बोइंगच्या भाषेत १.३२. त्यामुळं एअरबसचे ३० म्हणजे बोइंगचे जवळजवळ ४०, आणि तू ७३७ मध्ये ३० टाकलेस ते एअरबसच्या २३ च्या आसपास झाले. शिवाय पंख वेगळे, इंजिनं वेगळी, त्यामुळं भाव तोच सांगितला तरी वेग वेगळाच निघणार, ते बरोबरच आहे. पट्टी पण वेगवेगळी आहे, ७३७ एनजीमध्ये ० ते ५००, ए३२० मध्ये ० ते ९९९, आणि ७४७-४०० मध्ये तर ९९९९ पर्यंत. एका विमानाचा आकडा दुसऱ्यात कधी न्यायचाच नाही. ७७७ वाले बहुतेक ८०-१०० टाकून उडतात ते बघून कोणी ए३२० मध्ये १०० टाकले तर ते विमान उगाच पळत सुटतं.

आता दोन-तीन मिनिटं. पुणे-दिल्ली सरळ धरली तर ६३० नॉटिकल मैलांच्या आसपास आहे, त्यातलं चढणं-उतरणं सोडलं तर क्रूझ साधारण ४०० मैल. ३५ हजार फुटांवर स्टँडर्ड तापमानाला मॅक ०.७६ म्हणजे ४३८ नॉट (तासाला नॉटिकल मैल) आणि ०.७९ म्हणजे ४५५ नॉट. ४०० ला भागलं तर पहिल्यात ५५ मिनिटं आणि दुसऱ्यात ५३. संपलं. एवढा मॅक वाढवून पदरात दोन मिनिटं पडतात, म्हणजे तुला जे दिसलं ते अगदी हिशोबाप्रमाणंच आहे. हेच लांबच्या फ्लाइटला बघ, ७७७ घेऊन साडेतीन हजार मैल क्रूझ केली तर ०.८३ आणि ०.८५ मध्ये अकरा मिनिटं निघतात, आणि इंधनाचा फरक टनात जातो. खरी गंमत तिथं आहे. म्हणून छोट्या फ्लाइटला आकड्यावर फार डोकं घालवायचं नाही, लांबच्याला मात्र बसून ठरवायचं.

अजून एक, तू म्हणालास नॉब फिरवून वेग का लावू नये. लावता येतो की, पण तो लावला त्या क्षणाला कॉस्ट इंडेक्स बाजूला पडतो. एअरबसमध्ये वेगाचा नॉब ओढला की सिलेक्टेड, दाबला की मॅनेज्ड. मॅनेज्डमध्ये असताना खिडकीत आकड्याऐवजी तीन आडव्या रेघा आणि शेजारी एक पांढरा ठिपका दिसतो, तो दिसत असेल तरच कॉस्ट इंडेक्स काम करतोय. सिलेक्टेडमध्ये तू एकच मॅक धरून ठेवतोस. मॅनेज्डमध्ये कॉम्प्युटर वजन, उंची, वारा बघून तो सारखा बदलत राहतो, इंधन जळून विमान हलकं होत गेलं की मॅक पण हळूहळू खाली येतो. हे काम हातानं करता येत नाही.

आणि आधी हे तपासून घे की सिममध्ये वेगळं घेऊन टाकलेलं तुझं अ‍ॅडऑन कॉस्ट इंडेक्स खरंच मानतं का, कारण सगळीच सारखी बनवलेली नसतात. जमिनीवर असतानाच सगळं भरून घे, मग परफॉर्मन्सच्या क्लाइंब पानावर जा, तिथं मॅनेज्डच्या ओळीत वेग आणि मॅक दिसतो. कॉस्ट इंडेक्स ० करून तो आकडा बघ, मग ८० करून बघ. आकडा हलला तर विमान ऐकतंय. ढिम्म राहिला तर त्या विमानात काहीही टाक, उपयोग नाही.

मिरज_जंक्शन

ही तपासायची पद्धत भारी आहे ताई, आजच बघतो.

वाई_व्हेक्टर

वाऱ्याचं कोणी नीट बोललं नाही म्हणून येतोय. नकाशावर मुंबई-बेंगळुरू सरळ रेघ ओढली तर ती जवळजवळ साताऱ्याच्या डोक्यावरनं जाते, त्यामुळं फ्लाइटरडारवर ती विमानं बघायची सवय इकडं बऱ्याच जणांना आहे आणि मग त्यातला ग्राउंड स्पीड बघून अमुक कंपनी जोरात जाते, तमुक कंपनी कमी कॉस्ट इंडेक्सवर जाते असे निष्कर्ष काढतात. तसं करू नका. ग्राउंड स्पीडमध्ये वारा मिसळलेला असतो. पावसाळ्यात आपल्याकडं वरच्या थरात वारं पूर्वेकडनं जोरात असतं, तेव्हा बेंगळुरूला जाणाऱ्याला ते समोरून लागतं आणि मुंबईला येणाऱ्याला पाठीमागून. तीच दोन विमानं, तोच मॅक, आणि ग्राउंड स्पीडमध्ये ऐंशी-नव्वद नॉटचा फरक दिसू शकतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर पश्चिमेकडनं येणारी जेट स्ट्रीम असते, तेव्हा कोलकाता-दिल्ली करून बघा, नुसतं रांगल्यासारखं वाटतं आणि परत येताना भुर्रकन.

कॉस्ट इंडेक्सची खरी हुशारी इथंच आहे. समोरचं वारं असलं की तो मॅक थोडा वाढवतो, कारण त्या वाऱ्यात जितका जास्त वेळ राहाल तितकं जास्त इंधन जातं. पाठीमागचं वारं असलं की थोडा कमी करतो, वारंच ढकलतंय तर इंधन कशाला जाळा. हे शून्यावर सुद्धा होतं. ७३७ मध्ये क्रूझ पानावर एलआरसी (लाँग रेंज क्रूझ) म्हणून दुसरी सोय आहे, त्यात जास्तीत जास्त पल्ल्यातला एक टक्का सोडून त्या बदल्यात वेग थोडा जास्त घेतात, पण एलआरसी वारा बघत नाही. म्हणून रोजच्या उड्डाणाला इकॉनच, म्हणजे कॉस्ट इंडेक्सवर चालणारा वेगच बरा.

पण कॉम्प्युटरला वारा कळणार कसा? तर तुम्ही दिला तर. अनेक जण प्लॅन टाकतात आणि वारा टाकतच नाहीत. सिमब्रीफमधनं विंड अपलोड करायची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर निदान क्रूझच्या उंचीचं दोन-तीन ठिकाणचं वारं हातानं भरा. वारा न भरता कॉस्ट इंडेक्स १५ का १८ यावर वाद घालणं मला तरी पटत नाही.

व्हॅटसिमवर (खरी माणसं कंट्रोलर असतात असं ऑनलाइन सिम नेटवर्क) उडत असाल तर अजून एक. गर्दीच्या वेळी मुंबई किंवा दिल्लीकडं सगळे रांगेत असताना कॉस्ट इंडेक्स शून्य ठेवून मध्येच हळू जाणारा एकजण मागच्या सगळ्यांची अडचण करतो. कंट्रोलरनं वेग दिला की लगेच सिलेक्टेडमध्ये तो लावायचा, कॉस्ट इंडेक्स तेवढा वेळ गप्प. आणि पावसाळी ढगांच्या आसपास हलायला लागलं की सुद्धा तसंच, ए३२० ला वरच्या उंचीवर २७५ नॉट किंवा मॅक ०.७६ असा टर्ब्युलन्सचा वेग आहे तो लावा. ८० वर ०.७९-०.८० नं चाललेलं विमान मोठ्या हिसक्यात ०.८२ च्या लाल पट्टीला जाऊन भिडायला वेळ लागत नाही.

अजिंक्यतारा_३२०, सातारा

वा, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचा किलो प्रति मिनिटवाला हिशोब तर एकदम डोक्यात बसला. ताईंनी सांगितलं तसं क्लाइंब पान बघितलं, आकडा हलतोय, म्हणजे माझं विमान ऐकतंय.

आता त्यावरनं अजून दोन विचारतो. एक म्हणजे ६० वर केलेल्या फ्लाइटला टीओडी, म्हणजे खाली उतरायला सुरुवात करायचा बिंदू, १० च्या मानानं दिल्लीच्या बराच जवळ आला, मला वाटलेलं वेग जास्त म्हणजे लांबनंच खाली यायला लागेल. आणि दुसरं, समजा पुण्यातनं अर्धा तास उशिरा निघालो तर मध्येच कॉस्ट इंडेक्स वाढवून वेळ भरून काढायचा का, खरे पायलट तसं करतात का?

विश्रामबाग_विंग्ज, सांगली

टीओडीचं तू बघितलंस ते बरोबर आहे. उतरताना इंजिन आयडलवर असतं, म्हणजे विमान जवळजवळ घसरतच खाली येतं. कमी कॉस्ट इंडेक्सला उतरायचा वेग पण कमी असतो, समजा २५०-२६० नॉट, तो वेग चांगल्या ग्लाइडच्या जवळचा असल्यामुळं विमान उथळ कोनात लांबपर्यंत तरंगत येतं, म्हणून लवकर सुरुवात करावी लागते. जास्त कॉस्ट इंडेक्सला ३०० च्या वर वेग धरून नाक खाली करून येतं, हवेचा विरोध वाढतो, उंची पटापट जाते, म्हणून उशिरा निघालं तरी चालतं आणि क्रूझमध्ये जास्त वेळ राहता येतं. एकूण प्रवासातला काही फरक या चढण्या-उतरण्यातही असतो, विशेषतः आपल्या छोट्या फ्लाइटला. १० हजार फुटांखाली २५० नॉटची मर्यादा दोघांनाही सारखीच, तिथं काही फरक पडत नाही.

एक गोष्ट मला आवडते ती सांगते. कॉस्ट इंडेक्स कमी ठेवून सुद्धा उतरण्याचा वेग तेवढा वेगळा देता येतो. डिसेंट सुरू व्हायच्या आधी परफॉर्मन्सच्या डिसेंट पानावर तुझा वेग टाक, टीओडी लगेच सरकतो. ज्या विमानतळावर कंट्रोलर नेहमीच २८० नॉट मागतात असं माहीत आहे तिथं आधीच २८० टाकून ठेवलं तर टीओडी पहिल्यापासून खरा येतो, नंतर स्पीडब्रेक ओढत बसावं लागत नाही.

तसंच प्रोग्रेस पानावरची ऑप्टिमम उंची बघत जा. कॉस्ट इंडेक्स वाढवला की ती खाली येते. ६० टाकून आणि ३८ हजारावरच हट्टानं बसून फायदा नाही, तेव्हा आकडा बदलला तर उंची पण परत विचारात घ्यायची.

कृष्णाकाठ, सांगली

उशिराचं मी सांगतो. अर्धा तास उशीर पुणे-दिल्लीत हवेत भरून निघत नाही. वरती हिशोब झालाच आहे, १० चे ६० केलेस तर दोन-तीन मिनिटं येतात आणि त्यातही दिल्लीला पोचल्यावर एक होल्डिंगचा फेरा बसला तर ती पण गेली. म्हणून आकडा वाढवायच्या आधी विचारायचं की ही दोन-तीन मिनिटं मिळाली तर कोणाचं काही वाचतंय का. क्रूची ड्युटीची वेळ संपत आलीय, किंवा पोचायच्या विमानतळाची वेळमर्यादा आहे, किंवा तेवढ्या मिनिटांनी कनेक्शन गाठलं जाणार आहे, असं काही असेल तर वाढवावा. नुसतं उशीर झालाय म्हणून वाढवला तर इंधन गेलं आणि हाती काही नाही. लांबच्या फ्लाइटला मात्र दहा-पंधरा मिनिटं खरोखर भरून निघतात, तिथं कंपनीकडनं नवीन आकडा येऊ शकतो.

आणि मध्येच बदललास तर लगेच फ्युएल प्रेडिक्शन बघ. सिमब्रीफनं इंधन काढलंय ते त्याच्याकडच्या कॉस्ट इंडेक्सवर, तू १५ वर प्लॅन करून ६० वर उडालास तर उतरताना हाताशी राहणारं इंधन प्लॅनपेक्षा कमी दिसणार. ते पर्यायी विमानतळाचं आणि अखेरच्या राखीव इंधनाचं मिळून जेवढं लागतं त्याच्या खाली जात असेल तर आकडा परत खाली आणायचा, उशीर झाला तर झाला. दिल्लीला हिवाळ्यात धुकं असतं तेव्हा तर मी उलट करतो, पुण्यातनं निघतानाच आकडा १०-१२ ठेवतो, म्हणजे तिथं घिरट्या घालायला आणि जयपूरला जायला हाताशी इंधन राहतं.

वाई_व्हेक्टर

धुक्याचा मुद्दा अगदी बरोबर काका. त्यात एक भर, दिल्लीला आधीच उशीर आणि होल्डिंग चालू आहे असं कळलं तर क्रूझमध्येच कॉस्ट इंडेक्स खाली आणायचा. तिथं जाऊन गोल फिरण्यापेक्षा वाटेतच हळू जाणं स्वस्त पडतं. ए३२० मध्ये क्रूझच्या परफॉर्मन्स पानावर, ७३७ मध्ये परफ इनिटला परत जाऊन बदलता येतो. पण व्हॅटसिमवर असाल तर मॅक बराच बदलणार असेल तेव्हा कंट्रोलरला आधी सांगा, त्यानं तुमच्या मागच्या विमानाचं अंतर तुमच्या जुन्या वेगावर धरलेलं असतं.

अजिंक्यतारा_३२०, सातारा

मिळालं सगळं. आज रात्री पुणे-दिल्ली १२ वर करतो, वारा भरून, आणि डिसेंटला २८० टाकून. दिल्लीचं हवामान आत्ता बघितलं, धुकं दाखवतंय, त्यामुळं काका म्हणतात तसं पर्यायी जयपूर धरून इंधन घेतो. कोणी ऑनलाइन असेल तर या, दहाच्या सुमारास पुश बॅक करेन.

मिरज_जंक्शन

मी पण आहे, ७३७ घेऊन येतो, ताईंच्या हिशोबानं तुझ्या १२ ला माझे १६ होतात.